पलीकडली

माझं नाव सोआ. पण या नावानं आता मला कुणी हाक मारत नाही. नवऱ्याच्या लोकांच्या जिभेला ते वळलंच नाही. नदी ओलांडून मी त्यांच्या कड्याखाली राहायला आले तेव्हा मला अक्कलदाढही आली नव्हती. पहिल्याच दिवशी थोरल्या जावेनं, मात्सेनं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हटलं, "ही पलीकडली." तेच नाव पडलं. पुढं नवराही त्याच नावानं बोलवायचा. माझा मुलगा हारो लहान होता तेव्हा त्याला वाटायचं, आईचं खरं नावच ते.

नवऱ्याला रानगव्यानं मारलं. त्यानंतर कड्याखालची माणसं कमीच होत गेली. कुणी खोकून खोकून गेलं, कुणी बाळंतपणात. दोघं भाऊ बर्फाच्या कडेवरून घसरले ते खाली दरीत सापडलेच नाहीत. शेवटी उरलो आम्ही एवढेच: मी, हारो, मात्से, तिचा नवरा बुर्क भावजी आणि त्यांची चिमुरडी नात नुमी.

पूर्वी असं नव्हतं. पानं पिवळी पडली की मोठे मासे समुद्राकडून नदीत चढायचे, आणि त्यांच्या मागं मागं दोन्ही काठांची माणसं संगमावर जमायची. मासे भाजायचे, धुरावर टांगायचे, भांडायचं, नाचायचं, आणि निघताना एखादी मुलगी या काठावरून त्या काठाला जायची. मी तशीच आले होते. पण आता कितीतरी वर्षं संगमावर आम्हीच जायचो आणि आम्हीच परत यायचो. पलीकडून कुणी यायचं नाही.

हारोला दाढी फुटून ती छातीवर आली होती. रानघोड्याच्या मागं तो दिवसभर धावू शकायचा. पण संध्याकाळी कड्याच्या टोकावर जाऊन बसायचा आणि कुणी हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. मला ते बघवेना.

"मी पलीकडं जाऊन येते," मी एक दिवस म्हटलं.

बुर्क भावजी हाड फोडून आतला मगज चोखत होते. ते थांबले. "कुठं?"

"माझ्या लोकांकडं. हारोसाठी मुलगी बघते."

मात्से दातात कातडं धरून खरवडत होती. तिनं ते तोंडातून काढलं. "घ्या! केस पांढरे झाले तरी हिचं माहेर सुटत नाही. अगं, तिथं कुणी असतं तर माशांना आलं नसतं? की तुझ्या माणसांना मासे आवडेनासे झाले?"

"पूर आला असेल. वाट मोडली असेल."

"दर वर्षी?"

मी पिशवीत चिलगोजे भरायला घेतले.

"आई, मी येतो बरोबर," हारो म्हणाला.

"तू आलास तर भावजींना मांस कोण आणणार? आणि परका तरुण दिसला की माझे लोक आधी भाले उचलतील, मग विचारतील. म्हातारी एकटी आली तर निदान ओरडून विचारतील तरी, कोण गं तू म्हणून."

भावजी हसले. "जाऊ दे तिला. वाट तिलाच ठाऊक आहे."

वाट मला खरंच ठाऊक होती. त्याचं कारण सांगते. नवऱ्याच्या लोकांबरोबर इकडं येताना मी रडत होते आणि सारखी मागं वळून बघत होते. पुढचा रस्ता मी पाहिलाच नाही. त्यामुळे प्रत्येक टेकडी, प्रत्येक सुळका माझ्या डोळ्यांत परतीच्या बाजूनं बसला होता. इतकी वर्षं मध्ये गेली, झाडं पडली, नवी वाढली, पण डोंगराचे आकार तेच होते. एकेक आकार पुढं येत गेला आणि मी चालत गेले.

बरोबर सुकं मांस होतं, चिलगोज्यांची पिशवी होती, एक भाला होता. आणि विस्तव होता. भूर्जाच्या खोडावर जी टणक बुरशी वाढते तिच्यात निखारा ठेवून ती ओल्या शेवाळात गुंडाळली की विस्तव आत धुमसत राहतो, विझत नाही. अधूनमधून फुंकर घालायची. वाटेत मला सोबत म्हणावी अशी तीच एक गोष्ट होती. मी तिच्याशी बोलायलाही लागले होते.

नदीपाशी पोचायच्या आधीच तरसं मागं लागली. दिसत नव्हती, पण वारा फिरला की वास यायचा. मी चालले की ती चालायची, मी थांबले की थांबायची. मला कळत होतं, मी पाण्यात उतरले, पाय घसरला, की ती काठावरून सरळ अंगावर येतील. आणि पाण्यात भाला टेकायला लागतो, मारायला उरत नाही. मी थांबून विचार केला. त्यांना मी हवी होते, पण माझ्याहून आधी मांसाचा वास हवा होता. मग मी अर्धं मांस काढलं आणि काठावरच्या एका वाकड्या झाडाला टांगलं. फार उंच नाही, फार खालीही नाही. उडी मारली तर नाकाला लागेल, तोंडात येणार नाही, असं. खाली टाकलं असतं तर एका घासात संपलं असतं.

मी नदीच्या मध्यावर होते तेव्हा मागं त्यांच्या उड्या आणि भांडणं ऐकू येत होती. पाणी कमरेपर्यंत होतं आणि हाडं गोठवणारं होतं. विस्तवाची पुडी मी डोक्यावर धरली होती. पलीकडच्या दगडांवर बसून मी तिच्यात फुंकर घातली आणि लाल ठिपका दिसला तेव्हा मला रडू आलं. तिथं रडायला काही हरकत नव्हती. बघणारं कुणी नव्हतं.

आमची गुहा उन्हाच्या अंगाला होती, खाली ओढा. लहानपणी ओढ्यापासून गुहेपर्यंतची वाट पायांनी इतकी तुडवलेली असायची की पावसात तिच्यावर पाणी साचायचं. आता तिथं काटेरी झुडपं होती. मी एक फांदी हातात धरून पाहिली. अंगठ्याएवढी जाड. म्हणजे ही वाट कुणी बऱ्याच हिवाळ्यांत वापरली नव्हती.

मी हाका मारल्या. आईला हाक मारली, जरी ती तेव्हाच म्हातारी होती. थोरल्या भावाला, ओर्दाला हाक मारली. उत्तरादाखल आतून दोन वटवाघळं बाहेर आली.

आत गेले. चुलीच्या जागी राख होती, पण ती हाताला मऊ लागेना. वरून छताचं पाणी ठिबकून ठिबकून तिच्यावर दगडासारखी साय धरली होती. बाजूला अस्वलानं अंग टाकल्याचा खळगा, त्यात तांबूस केस. आणखी आत, जिथं आम्ही मुलं झोपायचो, तिथं सपाट दगडांचे ढीग होते. कुणीतरी हातानं रचलेले. काही मोठे, काही अगदी लहान. ते काय आहेत हे कळायला मला दगड उचलून बघावे लागले नाहीत.

मी बाहेर येऊन गुहेच्या तोंडाशी बसले. किती वेळ बसले कुणास ठाऊक. मात्से खरं बोलत होती. मासे आवडेनासे झाले नव्हते, माणसंच उरली नव्हती. आता परत जायचं आणि हारोला काय सांगायचं, एवढाच विचार डोक्यात होता.

तेवढ्यात हाताखाली काहीतरी टोचलं. गारगोटीची चीप होती. मी ती फेकणार होते, पण बोटातून रक्त आलं म्हणून थांबले. धार ताजी होती. तिच्यावर माती नव्हती, वटवाघळांची घाण नव्हती. मी उठून नीट पाहिलं. तिथं एक बसका दगड होता आणि त्याच्या भोवती अशा कितीतरी चिपा. आणि सगळ्या उजव्या बाजूला पडलेल्या.

आपण पातं काढायला बसतो तेव्हा दगड डाव्या मांडीवर धरतो, उजव्या हातानं ठोकतो, चिपा डावीकडं पडतात. या उलट्या पडल्या होत्या. म्हणजे ठोकणारा डावखुरा होता. आमच्या गुहेत डावखुरा एकच होता. लहानपणी त्याला सगळे चिडवायचे, ओर्दा उलट्या हाताचा, उलट्या पायांनी चालेल म्हणून.

"ओर्दा दादा!" मी ओरडले. "दादा, मी सोआ!"

डोंगरानं माझाच आवाज परत केला. दुसरं काही नाही.

मी तिथंच राहायचं ठरवलं. चूल पेटवली, थोडं मांस भाजलं, धूर वर जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी अळंबी शोधायला रानात गेले आणि परत आले तर भाजलेलं मांस नव्हतं. जनावरानं नेलं असतं तर राख विस्कटली असती, ओरखडे दिसले असते. काठीला टोचलेला तुकडा अलगद काढला होता आणि काठी परत होती तशी उभी केली होती. मी हसले. तो लहानपणीही असाच चोर होता.

पण तो पुढं येईना. कुठंतरी झाडांत असायचा. एखादा दगड घरंगळायचा, पाखरं उडायची. मला वाटलं, इतकी वर्षं एकटा राहिलाय, बोलणं विसरला असेल, रानटी झाला असेल. म्हणून मी मोठ्यानं बोलत बसले, त्याला आपली भाषा आठवावी म्हणून. हारोबद्दल सांगितलं, नवऱ्याबद्दल, मात्सेबद्दल. बोलताना शब्द अडायचे. झाडाचं नाव आठवायचं नाही, सालीचं आठवायचं.

शेवटी वरच्या झुडपातून आवाज आला.

"तू त्यातली कोण आहेस?"

"कशातली?"

"आतली. दगडाखालची. बाहेर कशाला आलीस?"

मला उलगडायला वेळ लागला. मी पहिल्यांदा त्याला दिसले ती गुहेतून बाहेर येताना. आणि गुहेत फक्त मेलेले होते.

"दादा, मी मेले नाही. मी सोआ. नदीपलीकडं दिलेली."

"सोआ लहान होती. तिला पुढचे दात मोठे होते."

"दात झिजले. मोठी झाले."

झुडूप हललं. मग, "खाऊन दाखव."

मी अळंबी तोंडात घातली, चावली, गिळली, तोंड उघडून दाखवलं. तेव्हा कुठं तो खाली उतरला. खांदे अजून रुंद होते, पण एक डोळा पांढरा झाला होता आणि चालताना एक पाय ओढत होता. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग नाकावर, मग कानांवर, जनावर मेलंय की जिवंत ते बघतात तसा.

"बोलतेस कशी गं तू?" तो म्हणाला. "तोंडात खडा धरल्यासारखी."

आणि मग तो बोलायला लागला तो थांबेचना. मी समजत होते तो भाषा विसरला असेल. विसरले होते मी. त्याचा एक शब्दही कमी झाला नव्हता. तो रोज संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी बसायचा, पातं काढायचा आणि आतल्यांना दिवसभराचं सांगायचा. आज ससा मिळाला, आज वारा वाईट आहे, लांडग्यांना पिल्लं झाली. स्वतः राहायचा वरच्या लहान कपारीत. तिथं राखेखाली विस्तव जपून ठेवलेला होता.

सगळे एकाच हिवाळ्यात गेले, तो म्हणाला. ताप आणि खोकला. आधी मुलं, मग त्यांच्या आया. शेवटी तो आणि त्याची बायको उरले. ती बर्फ वितळायच्या आधी गेली.

"मग तू आमच्याकडं का नाही आलास? संगमावर?"

"आलो होतो. एकदा. झाडीतून पाहिलं. तुम्ही मासे भाजत होतात."

"मग?"

"त्या लोकांची भाषा मला येत नाही. एकटा माणूस, एका डोळ्यानं आंधळा, झाडीतून बाहेर आला तर तू काय केलं असतंस?"

भावजींनी भाला मारला असता. पण त्या वर्षी मीही तिथं होते. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर मासे कापत बसले होते.

आम्ही काही दिवस एकत्र काढले. त्यानं मला विसरलेले शब्द परत दिले. आई ओढ्याला काय म्हणायची, पहिल्या बर्फाला काय म्हणायची. मला वाटलं, इथंच राहावं. पण कड्याच्या टोकावर बसलेला हारो डोळ्यांपुढून हलेना. उंच डोंगरांवर पांढरं दिसायला लागलं तशी मी सामान बांधायला घेतलं.

"चल माझ्याबरोबर," मी म्हटलं.

"मी आलो तर यांना रोजचं कोण सांगणार?"

त्या संध्याकाळी तो आत जाऊन बसला. बराच वेळ त्याचा आवाज येत होता, कधी हसण्याचाही. सकाळी आम्ही दोघांनी गुहेच्या तोंडाशी दगड रचले, अस्वल आत जाऊ नये म्हणून. त्यानं विस्तव बुरशीत घेतला आणि लंगडत माझ्या पुढं चालायला लागला.

आम्ही कड्याखाली पोचलो तेव्हा सगळ्यात आधी मात्सेनं पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, बघा तरी इकडं! ही पोरासाठी नवरी आणायला गेली होती आणि म्हातारा घेऊन आली!"

बुर्क भावजी इतके हसले की त्यांना खोकला लागला. हारोही हसला. ओर्दाला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून तोही हसला. पहिल्या दिवशी मीही अशीच हसले होते.

मुलगी का नाही ते मी सांगितलं. मग कुणी हसलं नाही. मात्सेनं ओर्दापुढं घोड्याची बरगडी ठेवली, चांगलं मांस असलेली.

तो हिवाळा मी विसरणार नाही. डोंगरात एकटा असताना जो माणूस रोज बोलायचा, तो आमच्या पाच जणांत येऊन मुका झाला. बोलायचा तो फक्त माझ्याशी, तेही हळू आवाजात, कारण आम्ही बोलायला लागलो की मात्सेच्या कपाळावर आठ्या पडायच्या.

"काय कुजबुजता गं सारखं? आमचंच काहीतरी चाललंय ना?"

"तो म्हणतोय, वारा बदलला."

"एवढं लांबलचक? वाऱ्याचं?"

"जाऊबाई, आमच्या भाषेत वाऱ्याला पुष्कळ शब्द आहेत."

"असतील बाई. तुमच्याकडं वाराच खायला होता वाटतं."

नुमीला मात्र तो आवडायचा. त्याच्या पांढऱ्या डोळ्यापुढं ती बोटं नाचवायची. आणि हारोचं त्याच्याशी जमलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण हातांना भाषा लागत नाही. ओर्दानं त्याला भूर्जाची साल राखेखाली कोंडून तिच्यातून काळा चिकटा काढायला शिकवलं. आमच्याकडं पातं भाल्याला जनावराच्या नसांच्या दोरीनं नुसतं बांधायचे. या चिकट्यानं बसवलेलं पातं हाडावर आपटलं तरी हलायचं नाही. खड्डा कसा करायचा, आच किती द्यायची, हवा केव्हा बंद करायची, यातलं एक जरी चुकलं तरी सालीचा नुसता कोळसा होतो. हारोनं कितीदा तरी कोळसा केला. मामा दर वेळी त्याच्या पाठीत थाप मारायचा आणि नवी साल पुढं करायचा.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा एकदा ओर्दा मला म्हणाला, "दक्षिणेकडं धूर आहे."

"कसला धूर?"

"मी माझ्या डोंगरावरून पाहायचो. वणव्याचा नाही. वणवा रुंद असतो, भटकतो, मग विझतो. हा बारीक आहे. सकाळी दिसतो, संध्याकाळी दिसतो, त्याच जागी. आणि एक नाही, पुष्कळ बारीक धूर शेजारी शेजारी."

"म्हणजे पुष्कळ चुली."

"पुष्कळ माणसं," तो म्हणाला.

हारो समोर बसून भाल्याची काठी घासत होता. "मामा काय म्हणतोय?" त्यानं विचारलं.

माझ्याशिवाय त्याला सांगू शकणारं कुणी नव्हतं. मी वाऱ्याचं काहीतरी सांगितलं असतं तर चाललं असतं. मी धुराचं सांगितलं. एकेक शब्द जसाच्या तसा.

बुर्क भावजींना ते पटलं नाही. "पुष्कळ माणसं म्हणजे पुष्कळ भाले. पोरगा गेला तर आम्ही खायचं काय?"

"भावजी, तो इथं राहून म्हातारा झाला तर त्याच्यानंतर खायला कोण असेल?"

त्यांनी हारोकडं पाहिलं. मग म्हणाले, "जाताना एकटा नको पाठवू."

मामा-भाचे निघाले तेव्हा रानात पहिली फुलं आली होती. मी दोघांना वाटेला लावायला गेले. हारोनं माझं कपाळ आपल्या कपाळाला टेकवलं. "आई, बायको घेऊनच येतो बघ. मात्से काकूला सांग, जागा करून ठेव."

पुढचे दिवस फार लांब होते. शिकार करणारं कुणी नसल्यामुळे मी आणि मात्से ओढ्यातले खेकडे, मुळं, पाखरांची अंडी यांवर भागवत होतो. मात्से टोमणे मारायची बंद झाली होती, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटायची.

उन्हाळा निम्मा गेला असेल. खालच्या वळणावर एक माणूस दिसला. पाय ओढत येणारा. त्याच्या मागं मी बराच वेळ बघत राहिले. दुसरं कुणी नव्हतं.

"हारो कुठाय?" मी वरूनच ओरडले.

"जिवंत आहे," ओर्दा म्हणाला आणि खाली बसला.

मात्से माझा दंड हलवत होती. "काय म्हणाला? ए पलीकडले, सांग ना!"

मग तो सांगत गेला आणि मी त्यांच्या भाषेत सांगत गेले. स्वतःच्याच मुलाची गोष्ट, दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची आणि तिसऱ्याला सांगायची. मध्ये थांबून रडायलाही सवड नव्हती.

ती माणसं आमच्यासारखी नव्हती, ओर्दा म्हणाला. उंच, बारीक हाडांची. कपाळ सरळ उभं, भुवईवर हाडच नाही.

"मग ऊन सरळ डोळ्यांत जात असेल," मात्से म्हणाली.

त्यांच्यात मुलं मोजता येऊ नयेत इतकी होती. सगळे एकदम बोलायचे. आधी त्यांनी भाले रोखले. हारोनं आपला भाला जमिनीवर ठेवला आणि मागं सरकला. एका म्हाताऱ्यानं तो उचलला, पातं ओढून पाहिलं, ते निघेना. मग त्यानं ते दगडावर आपटलं. तरी निघेना. मग त्यांनी दोघांना चुलीशी बसवलं.

"आणि मुलगी?" मी विचारलं.

"होती. त्या म्हाताऱ्याचीच. पण ते मुलगी देत नाहीत. त्यांनी हारोचा हात धरून खाली बसवलं. तू राहा म्हणाले."

"म्हणाले? तुला त्यांची भाषा कळली?"

"एवढं कळतं, सोआ."

हारो काही दिवस इकडं बघायचा, तिकडं बघायचा. मग ती मुलगी काहीतरी बोलली आणि तो हसला. खूप दिवसांनी हसला, ओर्दा म्हणाला, अगदी पोटातून. तेव्हा ओर्दा उठला आणि एकटा निघाला. कुणीतरी येऊन मला सांगायला हवं होतं.

आमच्यात मुली जातात. मुलगा गेला असं कुणी ऐकलं नव्हतं. मात्सेनं चुलीत काटकी सारली. मग म्हणाली, "त्याला तिथं काय म्हणत असतील गं? नावानं हाक मारत असतील का?"



ओर्दानं चार दिवस विश्रांती घेतली. पाचव्या दिवशी त्यानं विस्तव बुरशीत भरला. मी त्याला थांब म्हटलं नाही. तो इथं कुणाशी बोलणार होता? माझ्याशी फार तर. तिथं त्याची सगळी माणसं होती आणि त्यांना सांगायला आता पुष्कळ काही साचलं होतं: सरळ कपाळाची माणसं, हारो, नुमी, मात्सेचे टोमणे.

नदीपर्यंत मी गेले. "पानं पिवळी झाली की संगमावर ये," मी म्हटलं. "झाडीत लपू नकोस. मी असेन."

"बघू," तो म्हणाला. पाणी कमी होतं. तो काठी टेकत टेकत पलीकडं गेला, मला हात केला आणि चालायला लागला. मला त्याची पाठ दिसत होती आणि मान हलताना दिसत होती. तो बोलायला लागला होता. पाण्याच्या आवाजात मला शब्द ऐकू आले नाहीत.

पानं पिवळी झाली तेव्हा भावजींना चालवत नव्हतं, म्हणून मी, मात्से आणि नुमी तिघीच संगमावर गेलो. मासे भरपूर होते. ओर्दा आला नाही. दक्षिणेकडूनही कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तिघीच गेलो, तेव्हाही नाही. आम्ही पाठीवर नेता येतील तेवढे मासे धुरावर सुकवले आणि उरलेले पाण्यातच सोडून दिले. नुमी कंटाळून झोपली. मात्से एक मासा कापता कापता म्हणाली, "अजून एक दिवस थांबू या. काय बिघडतंय?"

आम्ही थांबलो.